कापू, चिरू, तोडू की छाटू?

समजा, किकवीतल्या एका शेतकऱ्याच्या हातात काकडीच्या बियाण्याबरोबर आलेला माहितीचा कागद आहे. मूळ मजकूर इंग्रजी आणि त्याखाली मराठी. त्यात एक ओळ आहे : ‘वेल दीड मीटर वाढल्यावर कट करा.’ त्यानं नेमकं काय करायचं? वेलाचा शेंडा दोन नखांत धरून खुडायचा? बाजूचे फुटवे कात्रीनं छाटायचे? की वेल बुडातूनच तोडून टाकायचा? ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्यानं वाढ बाजूला वळते, दुसऱ्यानं वेल मोकळा होतो, तिसऱ्यानं पीकच संपतं. मराठीत तिन्हींना स्वतंत्र क्रियापदं तयार असताना भाषांतर करणाऱ्यानं त्यांतलं एकही निवडलं नाही. निवडायचं काम त्यानं शेतकऱ्यावर ढकललं.

इंग्रजीतलं ‘कट’ हे क्रियापद फार ऐसपैस आहे. केस, केक, ऊस, कापड, पगार, वीज, सिनेमातला प्रसंग, सगळ्यांना ते चालतं. मराठीनं हाच प्रांत बारीक बारीक वाटून घेतला आहे : कापणे, चिरणे, तोडणे, छाटणे, कातरणे, खुडणे, फोडणे, फाडणे, तासणे, छेदणे, भादरणे, वगळणे. यांतला नेमका शब्द कसा निवडायचा, ते इथे सावकाश पाहू. त्यासाठी किकवीचा परिसर चांगला आहे. किकवी भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गावर आहे. पुण्याहून निघालं की कापूरहोळ मागे टाकून किकवी, पुढे सारोळा, आणि नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. पश्चिमेकडे भोर-वेल्ह्याचा डोंगरी, भाताचा मुलूख आहे. पाण्याखालच्या सखल रानात ऊस आहे, आणि निगड्याला राजगड सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे भात कापणारे आणि ऊस तोडणारे एकाच तालुक्यात भेटतात. दोन्हीकडे हातात पातं असूनही क्रियापदं वेगळी का, याचं उत्तर मिळालं की निम्मा विषय समजला.

आधी शब्दकोशाविषयी. जेम्स मोल्सवर्थनं हाती घेतलेला आणि टॉमस कँडीनं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्या आधीचा, १८३१ चा. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. पुढे दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. इंग्रजीकडून मराठीकडे जाणाऱ्या कोशात पर्याय ओळीनं मिळतात, पण कोणता कुठे वापरायचा हे त्यातून कळेलच असं नाही. म्हणून माझी पद्धत दोन पायऱ्यांची आहे. इंग्रजी-मराठी कोशातून उमेदवार उचलायचे, आणि मग प्रत्येकाला मराठीच्या कोशात उलटं तपासायचं. तिथे त्या शब्दाबरोबर काय काय येतं ते कळतं : कशाला छाटतात, कशाला खुडतात. खरी माहिती तिथे आहे. ही दुसरी पायरी गाळणारे लोकच ‘कांदा तोडा’ असं लिहून मोकळे होतात.

आता निवडीचा पहिला प्रश्न : हे काम हत्याराशिवाय, आपोआप होऊ शकतं का?

दोरी आपोआप तुटते. मडकं फुटतं. सदरा फाटतो. काठी मोडते. या प्रत्येकाला करणारा जोडला की तोडणे, फोडणे, फाडणे, मोडणे ही क्रियापदं मिळतात. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे अशा जोड्या आहेत. मोडणे तेवढं दोन्हीकडे तेच राहतं. ‘कापणे’ला मात्र असा जोडीदार नाही. भाजी आपोआप कापली जात नाही, कापणारा लागतोच. ‘बोट कापलं’ असं आपण म्हणतो, पण तिथेही पातं, पत्रा किंवा काच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतेच. म्हणजे ‘कापणे’ या शब्दातच हत्यार धरलेलं आहे, आणि ‘तोडणे-फोडणे’त परिणाम धरलेला आहे; तो परिणाम हातानं घडो, वाऱ्यानं घडो की कोयत्यानं.

हा भेद मराठीपुरता नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या माक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी कापण्या-मोडण्याच्या ६१ छोट्या चित्रफिती तयार केल्या : कुणी गाजर सुरीनं कापतं आहे, कुणी कापड हातानं फाडतं आहे, कुणी काठी मोडतं आहे. जगभरातल्या २८ भाषांच्या भाषकांना त्या दाखवून ‘काय चाललं आहे ते सांगा’ असं विचारलं. असिफा माजिद, मेलिसा बॉवरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे निष्कर्ष मांडले. त्याच मालिकेत भुवना नरसिंहन यांनी हिंदी आणि तमिळच्या क्रियापदांवर लिहिलं. भाषा एकमेकींपासून कितीही दूरच्या असल्या तरी वाटणीचा मुख्य धागा बहुतेकींत सारखाच निघाला : वस्तू नेमकी कुठे दुभंगणार हे करणाऱ्याच्या ताब्यात किती आहे? सुरी जिथे ठेवाल तिथेच गाजर दुभंगतं. काठी गुडघ्यावर मोडली तर ती साधारण मधे मोडेल, पण नेमकी जागा काठी ठरवते. हातोडीखाली मडक्याचे किती तुकडे होतील हे कुणालाच सांगता येत नाही.

मराठी क्रियापदं या मोजपट्टीवर मांडून पाहिली की नीट बसतात. ताबा पूर्ण असेल तर कापणे, चिरणे, कातरणे. ताबा सुटत गेला की मोडणे, फाडणे आणि शेवटी फोडणे. परिणामाच्या बाजूला गेलात की वस्तूचा स्वभाव पाहायचा. लांब आणि ताण घेणारी असेल तर ती तुटते : दोरा, साखळी, तार. ताठ असेल तर मोडते : काठी, हाड, खुर्चीचा पाय. पातळ पसरट असेल तर फाटते. कठीण पण ठिसूळ किंवा आतून पोकळ असेल तर फुटते. हाताचं हाड ‘मोडतं’. ते ‘तुटलं’ म्हटलं तर ऐकणारा हात वेगळा झाला असं समजून घाबरेल. दवाखान्याच्या माहितीपत्रकात हा फरक चुकणं परवडणारं नाही.

पण मग ऊस? कोयता हातात, घाव नेमक्या जागी, ताबा पूर्ण. तरी ‘ऊस कापणी’ असं कुणी म्हणत नाही. तोडणी, तोडणी कामगार, तोडणीची टोळी, तोडणी-वाहतूक, सगळीकडे तोडच. इथे ‘तोडणे’चा दुसरा अर्थ पुढे येतो : जिथे वस्तू चिकटलेली आहे तिथून तिचा संबंध सोडवणं. फूल झाडाचं असतं, ते तोडतात. आंबा तोडतात. झाड जमिनीचं, तेही तोडतात. ऊस बुडख्यापासून तोडतात. वीजजोड तोडतात, आणि नातंही तोडतात. दोन तुकडे होणं इथे महत्त्वाचं नाही, मूळच्या जागेपासून सुटणं महत्त्वाचं आहे. भातातही रोप जमिनीपासून सुटतंच, पण तिथे लक्ष हाताच्या हालचालीकडे आहे. भाताची मूठ डाव्या हातात धरायची, विळा बुडाशी लावायचा आणि आपल्याकडे ओढायचा. पातं ओढलं की कापणं, घाव घातला की तोडणं, असा फरक शेतात पुष्कळ ठिकाणी टिकतो. गवत विळ्यानं कापतात, झाड कुऱ्हाडीनं तोडतात. सगळीकडे टिकतो असं नाही. वहिवाट शेवटी मोठी असते, आणि ती विचारूनच घ्यावी लागते.

स्वयंपाकघरात आलं की ‘चिरणे’ सुरू होतं. चिरणे म्हणजे मुळात पातं आत घालून लांब फट पाडणं. भरल्या वांग्यासाठी वांगं देठाकडून जोडलेलं ठेवून चार चिरा देतात. वांगं उघडतं, पण सुटं होत नाही. पाककृतीत तिथे ‘वांग्याचे चार भाग कापा’ लिहिलं, की नवशिक्या माणूस चार फोडी करून मोकळा होतो आणि सारण भरायला जागाच राहत नाही. मिरचीला उभी चीर देतात. भरल्या भेंडीचंही तेच. या अर्थावरून शब्द पसरत गेला आणि भाजी बारीक करण्याच्या सगळ्याच कामाला चिरणे म्हणू लागले : कांदा चिरणे, कोबी चिरणे, कोथिंबीर बारीक चिरणे. मला वाटतं, यात विळीचाही वाटा असावा. सुरीनं कापताना पातं वस्तूवर येतं. विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी त्याच्यावर पुढे ढकलली जाते, म्हणजे पातं भाजीच्या आत शिरत जातं.

मराठी पाककृतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंग्रजी आधी क्रियापद सांगतं आणि मग तुकड्यांचा आकार जोडतं. मराठीत बहुतेक वेळा आकार हाच मुख्य शब्द असतो आणि क्रियापद साधं राहतं. बटाट्याच्या काचऱ्या करा. सुरणाचे काप करा. काकडीच्या चकत्या करा. सफरचंदाच्या फोडी करा. आणि थापलेल्या पिठाच्या किंवा बर्फीच्या वड्या पाडा. ‘वड्या पाडणे’ यातलं ‘पाडणे’ किती नेमकं आहे पाहा : ताटात थापलेलं एकसंध आहे, सुरीनं त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून विभागणी करायची आहे. ‘वड्या कापा’ म्हटलं तर वड्या आधीच तयार आहेत आणि त्यांचे आणखी तुकडे करायचे आहेत असं वाटतं. म्हणून इंग्रजी पाककृती मराठीत आणताना क्रियापदाच्या मागे लागण्याआधी ताटात शेवटी काय दिसायला हवं ते पाहावं. शब्द तिथून मिळतो.

वस्तूच्या आत काय आहे यावरही शब्द बदलतो. लोणच्याची कैरी ‘फोडून’ आणतात, कारण आतल्या कोयीसकट ती दुभंगायची असते आणि त्याला जोर लागतो. तीच कैरी चटणीसाठी असेल तर किसतात, मेथांब्यासाठी असेल तर तिच्या फोडी करतात. नारळ आधी सोलतात, मग फोडतात, मग खवतात. तीन टप्पे, तीन क्रियापदं, आणि एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. मेथी निवडतात, तुळशीच्या मंजिऱ्या खुडतात. खुडण्यात हत्यार नसतंच : अंगठा आणि पहिलं बोट, त्यांची नखं, आणि कोवळा देठ. जून, जाड देठाला ‘खुडणे’ लागू होत नाही. पारिजातकाची खाली पडलेली फुलं मात्र वेचतात. ती तोडायची गरजच नसते.

दोन पाती समोरासमोर येऊन मिटत असतील तर शब्द ‘कातरणे’. कात्रीनं कागद कातरतात, अडकित्त्यानं सुपारी कातरतात. उंदरानं कपडे कातरले असंही म्हणतात, कारण त्याचेही वरचे-खालचे दात एकमेकांवर मिटतात. मेंढ्यांची लोकर कातरतात. सरसकट सगळी काढली की भादरतात. माणसाच्या डोक्याला ‘भादरणे’ लावलं तर त्यात राग किंवा तुच्छता येते, म्हणून केशकर्तनालयाच्या पाटीवर ते कधी येणार नाही. तिथे केस ‘कापतात’.

आणि लहान बाळाचं? जावळ ‘काढतात’. मंगल प्रसंगी कापणं-तोडणं-फोडणं या शब्दांना मराठी बाजूला सारते. पूजेत नारळ ‘वाढवतात’. हातातली बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतात. उद्घाटनाच्या पत्रिकेत ‘श्रीफळ वाढवून’ असंच छापतात. इंग्रजी निमंत्रणावरून मराठी पत्रिका करणाऱ्यानं हे पाळायलाच हवं, कारण इथे चुकीच्या शब्दानं अर्थ कळतो पण घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन दुखावतं. फीत मात्र कापतातच, आणि केकही. त्या रीती बाहेरून आल्या आणि त्यांच्याभोवती तो संकोच तयार झाला नाही.

कापडाच्या दुकानात ‘दोन मीटर फाडा’ म्हणतात. ऐकायला रांगडं वाटतं, पण ते शब्दशः खरं आहे. दुकानदार कात्रीनं काठाला छोटी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. पावतीपुस्तकातली पावतीही फाडतात, तिकीटही फाडतात. शिंपी ते कापड आधी ‘बेततो’, म्हणजे मापं टाकून कुठून काय निघेल ते ठरवून कापतो. ‘बेतणे’त विचार आणि कात्री दोन्ही आली. शिवणकामाच्या पुस्तकांच्या भाषांतरात हा शब्द मागे पडतो आहे आणि त्याजागी ‘कटिंग करणे’ येतं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण बेतणे म्हणजे नुसतं कटिंग नाही, आणि त्या कामातला अवघड भाग नेमका या शब्दात आहे.

लाकडाच्या कामात शब्द लाकडाच्या रेषेप्रमाणे बदलतो. जळणाचं लाकूड कुऱ्हाडीनं रेषेच्या दिशेनं दुभंगायचं असतं, ते फोडतात. ओंडका उभा करवतून फळ्या काढायच्या तर तो चिरतात. फळी आडवी तोकडी करायची तर कापतात. वरचा थर वाकसानं उडवत आकार आणायचा तर तासतात, आणि शेवटी रंधा मारतात. सुतारकामाची इंग्रजी पुस्तिका मराठीत करायची असेल तर प्रत्येक जागी आधी विचारावं : पातं रेषेबरोबर चाललं आहे की रेषेला आडवं? उत्तर मिळालं की क्रियापद आपोआप येतं.

आता शेतात, जिथून आपण सुरुवात केली. पिकाच्या बाबतीत मी एक प्रश्न आधी विचारतो : या कामानंतर रोपाचं काय व्हायचं आहे? ते जगायचं आणि पुन्हा फुटायचं असेल तर छाटणे. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. दोन्हींत वेल जिवंत राहणं हेच गृहीत आहे. नुसता कोवळा शेंडा काढून वाढ वळवायची असेल तर खुडणे. रोप तसंच ठेवून माल घ्यायचा असेल तर तोडणे. भेंडी, मिरची, टोमॅटो, काकडी यांचा एक एक ‘तोडा’ होतो, आणि ‘पहिला तोडा कधी?’ हा प्रश्न शेतकरी एकमेकांना विचारतात. कापूस मात्र वेचतात. रोप संपवून पीक हाती घ्यायचं असेल तर हत्याराप्रमाणे कापणी, तोडणी किंवा काढणी, आणि मुळासकट असेल तर उपटणे : हरभरा उपटतात, भुईमूग उपटतात किंवा काढतात. ‘काढणी’ हा शब्द भाषांतर करणाऱ्याला फार उपयोगी आहे. हत्याराचा उल्लेख टाळायचा असेल किंवा तो माहीत नसेल तेव्हा बाजरी, ज्वारी, गहू, सोयाबीन, सगळ्यांना काढणी चालते. काकडीच्या त्या कागदावर मुख्य वेलाचा शेंडा थांबवायचा असेल तर ‘वेल दीड मीटर वाढला की त्याचा शेंडा खुडा’ एवढं लिहिलं असतं तर कुणाला काही विचारावं लागलं नसतं. बाजूचे फुटवे काढायचे असतील तर ‘फुटवे छाटा’.

जनावरांच्या चाऱ्यात आणखी एक शब्द आहे. गवत कापून आणतात, पण कडब्याची यंत्रावर ‘कुट्टी’ करतात. इथेही आकाराचं नाम पुढे आणि साधं क्रियापद मागे, स्वयंपाकघरातल्या काचऱ्यांसारखंच.

झाडांच्या बाबतीत निवड कायद्यापर्यंत जाते. महाराष्ट्रात वृक्षतोडीचं नियमन करणारा कायदा १९६४ पासून आहे आणि काही जातींची झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्जात ‘फांद्या छाटणे’ लिहायचं की ‘झाड तोडणे’, यात लेखनशैलीचा प्रश्न उरत नाही. भोर-वेल्ह्याकडे भाताच्या राबासाठी झाडांच्या डहाळ्या तोडून, वाळवून, जमिनीवर भाजण्याची रीत आहे. तिथे डहाळी तुटते, झाड उभं राहतं. इंग्रजी अहवालात हे सगळं एकाच क्रियापदात बसलं आणि मराठीत ‘झाडं तोडतात’ असं उतरलं, तर त्या माणसांवर नाहक आळ येतो. अशा ठिकाणी शब्दाची निवड हा न्यायाचाही भाग असतो असं मी मानतो.

हत्यार नसलेल्या, नुसत्या कल्पनेतल्या कापण्याकडे वळलं की मराठी बहुधा कापणे सोडून देते. पगारातून रक्कम कापतात, तिला कपात म्हणतात, आणि हा शब्द कचेरीत आणि घरात सारखाच चालतो. पण किंमत कमी करतात किंवा उतरवतात. खर्च कमी करतात, किंवा खर्चाला कात्री लावतात. यादीतून नाव वगळतात किंवा कमी करतात. मजकूर गाळतात. भूमितीत एक रेषा दुसरीला छेदते. वीज कंपनीच्या नोटिशीत पुरवठा ‘खंडित’ होतो आणि ओट्यावर बसलेला माणूस ‘वीज तोडली’ म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त जागा वेगळ्या. नोटीस लोकांना समजावी असं वाटत असेल तर मी दुसरा शब्द घेईन. दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडतात. अंतर मात्र कापतात, वाटही कापतात, आणि विश्वासघात करणारा केसानं गळा कापतो. इंग्रजीत काम उरकून टाकण्याला ‘कोपरे कापणं’ म्हणतात. ते तसंच मराठीत आणलं तर वाचणारा सुतारकाम समजेल. इथे क्रियापद शोधूच नये, अख्खा वाक्प्रचार टाकून ‘पाट्या टाकणं’ घ्यावं.

निवड झाल्यावरची तपासणी एकच आहे, आणि ती टेबलाशी बसून होत नाही. वाक्य त्या कामाच्या माणसाला वाचून दाखवावं आणि अर्थ न विचारता ‘आता तुम्ही काय कराल?’ एवढंच विचारावं. शेतकरीदादांनी हाताची हालचाल करून दाखवली आणि ती मूळ मजकुराशी जुळली, की शब्द बरोबर. गावागावांत फरकही पडतात. एका भागात जी कणसं खुडतात ती दुसऱ्या भागात मोडतात, आणि दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असतात. पत्रक ज्या तालुक्यात वाटायचं आहे तिथला शब्द घ्यावा.

उरला खुद्द ‘कट’. तो मराठीत आला आहे आणि मी त्याला सरसकट हाकलायच्या मताचा नाही. फोन ‘ठेवला’ म्हणायचो तेव्हा हातात ठेवायला खरंच काहीतरी होतं. आता ‘फोन कट केला’ यात समोरच्यानं मुद्दाम बंद केला हा अर्थ येतो, आणि ‘ठेवला’त तो येत नाही. चित्रफितीचं संकलन करणाऱ्यांचा ‘कट’ही त्यांच्या कामाचा शब्द आहे. अडचण एवढीच की मराठीत ‘कट’ नावाची नामं आधीपासून बसलेली आहेत. कट रचतात, तो कारस्थानाचा. मिसळीवर येतो तो तर्रीचा. पुरणासाठी डाळ शिजवून तिचं पाणी काढतात तो वेगळाच, त्याची आमटी होते. ‘मित्रांनी मिळून कट केला’ या बातमीच्या ओळीचा अर्थ संदर्भाशिवाय लागत नाही. म्हणून जिथे मराठी क्रियापद जास्त नेमकं आहे, म्हणजे स्वयंपाक, शेती, सुतारकाम, शिवण, तिथे ‘कट करणे’ घेऊ नये, आणि जिथे त्यानं खरोखर नवा अर्थ आणला आहे तिथे बिनदिक्कत घ्यावं.

असा एक नवा अर्थ किकवीवरून जाणाऱ्या महामार्गावर रोज ऐकू येतो : ‘कट मारणे’. मागून येणारी गाडी बाजूनं पुढे काढायची आणि आपल्या गाडीच्या अगदी नाकासमोर आत घुसवायची, त्याला चालक कट मारणं म्हणतात. ‘त्यानं मला कट मारला’ यात ज्याला त्रास झाला तो ‘मला’ असा येतो, म्हणजे हा प्रयोग मराठीच्या व्याकरणात पूर्ण मुरला आहे; इंग्रजी क्रियापदाचं रूप बदलून तो ‘मारणे’च्या आधाराला नाम होऊन बसला. ‘आडवा आला’ म्हटलं तर वेगाची आणि मागून येण्याची गोष्ट निसटते. ‘गाडी घुसवली’ म्हटलं तर कुणासमोर ते कळत नाही. या एका कामाला जुन्या क्रियापदांतलं एकही पुरत नाही, कारण हे काम जुनं नाही. रस्तासुरक्षेचं मराठी पत्रक लिहिणाऱ्यानं तिथे ‘मार्गिका अकस्मात बदलणे’ असं काही घडवण्यापेक्षा सरळ ‘कट मारू नका’ लिहावं, आणि पुढचा मराठी कोश करणाऱ्यांनी ‘मारणे’खाली हा प्रयोग अर्थासह नोंदवावा.